इंग्लंडमधल्या वाडीवर दोन रात्री राहायचंय? केल्डला जा, पण आधी हे वाचा

इंग्लंडला आलेल्या आपल्या लोकांची लिस्ट ठरलेली असते. लंडन, बाथ, स्टोनहेंज, विंडरमियरची बोट, आणि "इंग्लिश खेडं बघायचंय" म्हणून कॉट्सवोल्ड्समधलं बायबरी, जिथे भर सीझनला गावातल्या माणसांपेक्षा कोचमधून उतरलेली माणसं जास्त असतात आणि सगळे एकाच घरांच्या रांगेसमोर फोटो काढत उभे. त्यात वाईट काही नाही, पण शांत खेडं म्हणतात ते हे नव्हे. ज्यांना खरोखर शांत जागा हवीये, दोन दिवस मेंढरं, पाऊस आणि पाण्याचा आवाज एवढ्यावर राहायची तयारी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी सांगतोय ते यॉर्कशर डेल्स नॅशनल पार्कमधल्या केल्डबद्दल. स्वेल नदीच्या खोऱ्याला स्वेलडेल म्हणतात, त्या खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला ही वाडी आहे. वाडीच म्हणायचं, कारण कोकणात मोठ्या गावापासून लांब आठदहा घरांची वाडी असते ना, तसंच प्रकरण. मूठभर दगडी घरं, एक चॅपल म्हणजे छोटं चर्च, शेतं, कॅम्पिंगची जागा, हायकर लोकांसाठी राहायची थोडी सोय. किराणा दुकान नाही, एटीएम नाही, पेट्रोल पंप नाही. ही यादी वाचून पोटात गोळा आला असेल तर इथेच थांबा आणि यॉर्कला जा, मस्त शहर आहे. नसेल आला तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: जी काय तयारी करायची ती वाटेतलं रिचमंड शहर सोडायच्या आधी करायची. रिचमंड सोडलं की नंतर सुधारायला फारसा वाव नाही.

कधी जायचं

जून महिना, शक्यतो दुसरा पंधरवडा. त्या वेळी केल्डच्या खालच्या मुकर गावातली गवताची कुरणं फुललेली असतात, पिवळे बटरकप, जांभळट क्रेन्सबिल, यलो रॅटल असली रानफुलं, आणि जुलैत कधीतरी कोरडं हवामान मिळालं की शेतकरी सगळं कापून टाकतात. तारीख आधी कुणी सांगू शकत नाही, हवेवर असतं. शिवाय जूनमधे रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, म्हणजे रमतगमत फिरता येतं. मे महिनाही छान, तेव्हा कोकरं असतात, पण तेव्हा कुत्रा घेऊन जाणाऱ्यांनी आणि पोरं घेऊन जाणाऱ्यांनी जास्त जपायचं, मेंढीच्या मागे धावणं हा गंमतीचा विषय नाही. सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी मुकर शो असतो, मेंढ्यांच्या स्पर्धा, डोंगरावर पळायची शर्यत, आणि गावातल्या मुकर सिल्व्हर बँडचं वादन, हा बँड १८९७ पासून चालू आहे. जत्रेची आवड असेल तर तो दिवस साधा.

डिसेंबर-जानेवारी पहिल्या खेपेला नको. पावणेचारच्या सुमारास सूर्य बुडतो, बऱ्याच राहायच्या जागा बंद असतात आणि बर्फ पडला तर वरचे रस्ते बंद. इथून चार मैलांवर टॅन हिल नावाचा पब आहे, १,७३२ फुटांवर, ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा. नोव्हेंबर २०२१ मधे आर्वेन वादळात तिथे गाणी ऐकायला आलेले साठेक लोक बर्फामुळे तीन रात्री आतच अडकले होते, सोबत ऑएसिस या इंग्लिश रॉक बँडची गाणी वाजवणारा एक बँडही. त्यांनी मजा केली म्हणे. तुम्हाला सोमवारी ऑफिस असेल तर ती मजा परवडायची नाही.

आधी खोली, मग रेल्वेचं तिकीट

आपण उलटं करतो. स्वस्त ट्रेन दिसली की तिकीट काढून मोकळे, हॉटेल नंतर बघू. इथे तसं करू नका. कारण केल्डवरून दोन प्रसिद्ध लांब पायवाटा जातात. एक पेनाइन वे, २६८ मैलांची, १९६५ मधे सुरू झालेली, उत्तर-दक्षिण. दुसरी कोस्ट टू कोस्ट, साधारण १९० मैलांची, पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत. कोस्ट टू कोस्ट चालणाऱ्यांसाठी केल्ड साधारण अर्ध्या वाटेवर येतं, त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर त्यातले बरेच जण इथे एक रात्र टेकतात आणि खोल्या महिनोनमहिने आधी बुक करून ठेवतात. केल्डमधे नाही मिळालं तर मुकर, थ्वेट, गनरसाइड बघा, सगळी याच खोऱ्यात आहेत. रीथ जरा मोठं गाव आहे, तिथे दुकानं-पब जास्त, पण मग वाडीची मजा गेली.

राहायचे प्रकार तीन. बीअँडबी म्हणजे कुणाच्यातरी घरात किंवा घराला लागून खोली आणि सकाळचा नाश्ता. तिथे नाश्त्याची वेळ ठरलेली असते आणि ती मालकीणबाई बनवणार असतात, त्यामुळे "आम्ही व्हेज आहोत, अंडं चालतं किंवा चालत नाही" हे बुकिंग करतानाच लिहून टाका, सकाळी टेबलावर बसून सांगू नका. दुसरा सेल्फ कॅटरिंग कॉटेज, म्हणजे पूर्ण घर, किचनसकट. फॅमिलीसाठी हेच बेस्ट, फक्त उन्हाळ्यात बरेच जण पूर्ण आठवड्यासाठीच देतात, शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार. तिसरा कॅम्पिंग. तंबू कॅम्पसाइटवरच लावायचा हं, डार्टमूरचा काही भाग सोडला तर इंग्लंडमधे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकायचा हक्क नाही, मग नदीकाठ कितीही मोकळा दिसो.

पोचायचं कसं

लंडनहून किंग्ज क्रॉसवरून डार्लिंग्टनची ट्रेन, अडीच तासांच्या आसपास. लीड्स, यॉर्क, न्यूकॅसलवाल्यांना तर अजून जवळ. ॲडव्हान्स तिकीट काढलं आणि रेलकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलतीचं कार्ड, असलं तर पैसे बरेच वाचतात, दोघं असाल तर टू टुगेदर कार्डावर एक तृतीयांश सूट मिळते, एकाच मोठ्या प्रवासात कार्डाचे पैसे बऱ्यापैकी वसूल.

डार्लिंग्टनहून रिचमंडला बस. आता इथे एक धोक्याची सूचना. इंग्लंडमधे रिचमंड दोन आहेत आणि लंडनमधलं रिचमंड जास्त फेमस आहे, त्यामुळे मॅपमधे नुसतं रिचमंड टाकलंत तर तुम्हाला लंडनच्या ट्यूबचं, म्हणजे मेट्रोचं स्टेशन दाखवेल. नॉर्थ यॉर्कशर असं पुढे लिहायचंच. आणि या रिचमंडला रेल्वे नाही. होती, १९६९ मधे बंद झाली, जुन्या स्टेशनच्या इमारतीत आता सिनेमा आणि कॅफे आहे, बसला वेळ असेल तर तिथे जाऊन बसा.

रिचमंडच्या मार्केट प्लेसमधून पुढे लिटल व्हाइट बस. ही छोटी बस स्थानिक लोकांनीच चालवलेली सेवा आहे, रीथ, गनरसाइड, मुकर करत केल्डपर्यंत जाते. दिवसातून मोजक्याच फेऱ्या आणि रविवारचं गणित वेगळंच, त्यामुळे निघायच्या आठवड्यात त्यांच्या वेबसाइटवर ताजं वेळापत्रक बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण वर नेटवर्क मिळेलच असं नाही. गूगल मॅप काय म्हणतो यावर विसंबू नका. शेवटची बस चुकली तर टॅक्सी, आणि टॅक्सीही आधी सांगितलेली असली तरच, इथे ॲप उघडून दोन मिनिटात गाडी येण्याचा प्रश्नच नाही. ट्रेन आणि शेवटची बस यांच्यात कमीत कमी दोन तास मोकळे ठेवा. फुकट जात नाहीत ते, रिचमंडमधे त्या वेळात करायची कामं आहेत.

रिचमंडमधली कामं

किराणा इथे भरा. डाळ-तांदूळ, मसाले घरून आणलेच असतील, पण दूध, ब्रेड, भाज्या, बटाटे, कांदे इथून. केल्डला पोचल्यावर "अरे, मीठ राहिलं" झालं तर मुकरच्या छोट्या दुकानापर्यंत तीन मैल चालत जायचं, तेही उघडं असलं तर.

रोख पैसे काढा आणि मुद्दाम मोडून सुट्टे घ्या, एक-दोन पाउंडांची नाणी. इंग्लंडमधे हल्ली सगळीकडे कार्ड चालतं म्हणून आपण पाकीटच काढत नाही, पण खेड्यात फाटकापाशी एक छोटं टेबल असतं, त्यावर अंड्यांचे खोके, जॅमच्या बाटल्या, कधी केकचे तुकडे, आणि बाजूला पत्र्याचा डबा. माणूस कोणी नाही. किंमत चिठ्ठीवर लिहिलेली, तेवढे पैसे डब्यात टाकायचे आणि वस्तू घ्यायची. शेतातल्या पार्किंगचंही काही ठिकाणी तसंच. सुट्टे नाहीत म्हणून दहाची नोट टाकून डब्यातले परत मोजून घेणं बरं दिसत नाही.

कागदी नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल ३०, या भागाचा तोच. ॲपवर ऑफलाइन डाउनलोड केला तरी चालेल पण थंडीपावसात बॅटरी कशी उतरते ते माहितीये ना. नकाशावर हिरव्या तुटक रेषा दिसतात त्या सार्वजनिक वाटा, आणि थोड्या शब्दांची ओळख असली की सोपं जातं: फोर्स लिहिलंय तिथे धबधबा, बेक म्हणजे ओढा, गिल म्हणजे घळ.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. छत्री नको, वारा उलटी करून टाकतो. वॉटरप्रूफ जॅकेट, पँटवरून घालायची वॉटरप्रूफ पँट, आणि घोट्याच्या वर येणारे बूट, हे जूनमधेही. नवे बूट घेतले असतील तर आधी घराजवळ थोडे दिवस घालून फिरा.

स्वतःची गाडी असेल तर

भारतातलं लायसन्स आपण इथे आल्यापासून १२ महिने चालतं आणि गाडी डावीकडूनच, त्यामुळे आपल्याला सोपं वाटतं. पण रिचमंडच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, आणि काही रस्ते एकाच गाडीपुरते. मधेमधे रस्ता थोडा रुंद केलेला असतो, ती पासिंग प्लेस. समोरून गाडी आली की ज्याला जवळ असेल त्याने तिथे थांबायचं किंवा मागे यायचं, आणि जाणाऱ्याने हात वर करून थँक्यू म्हणायचं. हा हात वर करणं सोडू नका, इथे ते हॉर्नपेक्षा महत्त्वाचं. हॉर्न तर वाजवायचाच नाही जवळजवळ. पासिंग प्लेसमधे गाडी लावून फोटो काढायला उतरणं हा गावकऱ्यांचा सगळ्यात मोठा राग आहे, कारण मागून ट्रॅक्टर किंवा दुधाचा टँकर येतो आणि सगळं अडतं.

ताशी ६० मैलांची मर्यादा असते त्याचा अर्थ ६० ने जा असा नाही. वळणाच्या पलीकडे रस्त्यावर मेंढी बसलेली असू शकते, आणि ती उठणार नाही. कोकरू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला दिसली तर थांबाच, ते धावत मधे येणार हे नक्की. हॉज गावाकडून येणार असाल तर बटरटब्ज घाट लागतो, चुनखडकातल्या खोल खड्ड्यांमुळे हे नाव पडलं म्हणतात, २०१४ मधे टूर द फ्रान्सचे सायकलवाले हाच घाट चढून गेले होते. सुंदर आहे, पण गाडी शिकून वर्ष झालं नसेल तर रिचमंडकडूनच या. टाकी खाली शहरातच फुल करा.

गावात वागायचं कसं

वाटेत कोणी भेटलं की मॉर्निंग, हॅलो म्हणायचं, अनोळखी असला तरी. लंडनमधे असं केलं तर लोक सरकून बसतात, इथे नाही केलं तर शिष्ट समजतात. यॉर्कशरचा म्हातारा शेतकरी "नाऊ देन" म्हणाला तर तो दम देत नाहीये, नमस्कारच करतोय, आपण हॅलो म्हणून हवेबद्दल एक वाक्य टाकायचं. पाऊस पडतोय, पडून गेला किंवा पडणार आहे, तिन्हीपैकी एक नक्की खरं असतं.

आपल्याकडे टक लावून बघतील का, असं बऱ्याच जणांना मनात असतं आणि कोणी विचारत नाही. सरळ सांगतो. या खोऱ्यात गोरे सोडून चेहरे कमीच दिसतात, त्यामुळे पबमधे शिरलात की दोन-तीन माना वळतील, कुठून आलात विचारतील. त्यात बहुतेक वेळा नुसतं कुतूहल असतं, शिवाय इथल्या माणसांना दोन वाड्या सोडून पलीकडचा माणूसही बाहेरचाच. लीड्समधे राहतो म्हटलं की लीड्सचं ट्रॅफिक, भारतातून आलो म्हटलं की क्रिकेट. यॉर्कशर आणि क्रिकेट हा विषय काढलात तर संध्याकाळ तिथेच जाईल.

बाकी नियम साधे. फाटक जसं होतं तसं ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, कारण शेतकऱ्याने ते कारणाने तसं ठेवलेलं असतं. गडग्यांवर चढायचं नाही, ते चुना-सिमेंट न लावता नुसते दगडावर दगड रचून केलेत, एक वरचा दगड ढळला की हळूहळू तो भाग कोसळतो आणि परत रचायला माणसाचा दिवस जातो. खिडकीतून आत डोकावून फोटो नको, ते गोड दिसणारं घर कुणाचंतरी स्वयंपाकघर आहे. ब्लूटूथ स्पीकर घरी. ड्रोनसाठी जमीनमालकाची परवानगी लागते. कचरा आपला आपण परत न्यायचा, संत्र्याची सालंसुद्धा. डिस्पोजेबल बार्बेक्यू तर अजिबात नको, कोरड्या दिवसात डोंगरावरच्या झुडपांना आग लागली तर दिवसेंदिवस धुमसत राहते.

चालायची एक वाट

एकच वाट करायची असेल तर केल्ड-मुकर-केल्ड, गोल फेरी, साधारण सहा मैल. आपल्या नेहमीच्या वेगाने, थांबत, खात गेलं तर चार-साडेचार तास धरा.

केल्डमधून खाली नदीकडे उतरा, छोटा पूल ओलांडला की लगेच ईस्ट गिल फोर्स, ओढा पायऱ्या पायऱ्यांनी नदीत पडतो. मोठा धबधबा नाही, आंबोलीवाल्यांना हसू येईल, पण तिथे बसायला दगड छान आहेत आणि गर्दी नाही. तिथून वर चढत जाणाऱ्या रस्त्याने क्रॅकपॉट हॉल. हे शेतातल्या घराचं पडकं अवशेष, खाली शिशाच्या खाणी होत्या त्यामुळे जमीन खचली आणि १९५० च्या दशकात घर सोडून द्यावं लागलं. भिंतींवर चढू नका, खाणींची जुनी तोंडं दिसली तर आत शिरू नका. पण त्या घराच्या पुढ्यात उभं राहून खोरं बघा, नदी खाली वळत जाते, दोन्हीकडे गडग्यांनी पाडलेले हिरवे चौकोन, आणि कितीतरी चौकोनात एक एक दगडी गोठा.

हे गोठे समजून घेतले की सगळं खोरं वाचता येतं. गवत कापायचं, त्याच कुरणातल्या गोठ्यात माळ्यावर साठवायचं, हिवाळ्यात खाली गाई बांधायच्या, वरचं गवत त्यांना घालायचं आणि शेण परत त्याच कुरणात. म्हणून प्रत्येक कुरणाला आपला गोठा, ओझं लांब न्यायला नको. आता बरेचसे रिकामे आहेत, काहींची घरं झालीत. मेंढ्या मात्र त्याच, स्वेलडेल जातीच्या, काळं तोंड, नाकाशी पांढरं, नर-मादी दोघांना वळलेली शिंगं. नॅशनल पार्कच्या बोधचिन्हावर दिसतो तो याच जातीचा मेंढा. डोंगरावर कुंपण नसलं तरी कळप आपापली हद्द सोडत नाहीत, आईकडून पिल्लाला ती कळते.

खाली उतरून नदीच्या काठाकाठाने मुकरपर्यंत सपाट वाट आहे. मुकरच्या जवळ पादचारी पूल ओलांडला की कुरणं सुरू होतात, आणि त्यातून फरश्या टाकलेली एक पायवाट, रुंदी एका माणसाची. एका मागे एक चालायचं, तशी विनंती तिथे लिहिलेलीच आहे, आणि फोटोसाठी गवतात शिरायचं नाही. आपल्याला ती फुलं दिसतात, शेतकऱ्याला तो मेंढरांचा हिवाळ्याचा चारा दिसतो, आणि तुडवलेलं गवत मशीनने नीट कापलं जात नाही. एका कुरणातून दुसऱ्यात जाताना गडग्यात फट ठेवलेली असते, तीत छोटंसं स्प्रिंगचं फाटक. फट इतकी अरुंद की पाठीवरची मोठी सॅक काढून हातात घ्यावी लागते, माणूस जाईल पण मेंढी नाही असा हिशोब. पोट सुटलेल्यांनी आडवं वळून जावं.

मुकरला चहा प्या, लोकरीचं दुकान बघा, चर्च बघा. इथे चॅपल झालं १५८० मधे. त्याआधी वरच्या वाड्यांतलं कोणी गेलं की मढं पुरायला खांद्यावरून थेट ग्रिंटनच्या चर्चपर्यंत न्यायचे, सोळा मैल, केल्डहून निघालं तर दोन दिवस लागायचे. त्या वाटेला अजूनही कॉर्प्स रोड म्हणतात आणि तुमचा परतीचा रस्ता, मुकरहून किझडन टेकडीवरून केल्डला, हा त्याचाच भाग. चढ सुरवातीला दमवतो, वर गेलं की मोकळं. शेवटी पाय शिल्लक असतील तर केल्डजवळ किझडन फोर्सकडे खाली फाटा आहे, झाडीतला धबधबा, वाट निसरडी, पाऊस होऊन गेला असेल तर सोडून द्या. स्वेल नदी पावसानंतर झपाट्याने चढते, त्यामुळे पोहायचं किंवा दगडांवरून ओलांडायचं मनात आलं तर वर डोंगरात काय पडतंय ते आधी बघा.

मुकरच्या शेजारचं थ्वेट हे रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांचं जन्मगाव, पक्ष्यांची छायाचित्रं काढणाऱ्यांतले पहिल्या फळीतले लोक, अंडी असलेल्या घरट्याचा त्यांचा फोटो १८९२ चा. पक्ष्यांची आवड असेल तर दुर्बीण आणा, वसंतात इथे कर्ल्यू ओरडत असतात, लांब वाकडी चोच, आवाज एकदा ऐकला की ओळखू येतो.

गाई दिसल्या आणि सोबत वासरं असली तर लांबून वळसा घाला, मधून जाऊ नका. कुत्रा सोबत असेल आणि गाई अंगावर यायला लागल्या तर त्याची दोरी सोडून द्या, तो पळून जातो, तुम्ही वाचता. घरी आल्यावर पायांवर, गुडघ्यामागे गोचीड चिकटलीये का बघा, लाइम रोग तिच्यामुळे होतो.

खाण्याचं

पबमधे कोणी टेबलापाशी ऑर्डर घ्यायला येत नाही बहुतेक, काउंटरवर जायचं, टेबल नंबर सांगायचा, पैसे द्यायचे. किचनच्या वेळा ठरलेल्या असतात, दुपारी दोन आणि रात्री आठ-साडेआठ झाले की बंद, पब उघडा असतो पण खायला फक्त वेफर्स. आपली नऊची जेवणाची सवय इथे उपाशी ठेवते. दारू घेत नसाल तर लाइम अँड सोडा मागा, स्वस्त असतो आणि कोणी काही म्हणत नाही. घेत असाल तर मॅशम गावच्या ब्लॅक शीप किंवा थीकस्टन या बिअर चाखून बघा, या बाजूच्याच आहेत. चिखलाचे बूट दारात.

शाकाहारी लोकांनी हे नीट वाचा. सूप, जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा) विथ बीन्स अँड चीज, व्हेज पाय म्हणजे भाज्या भरून भाजलेली पेस्ट्री, असं काहीतरी मिळतंच. पण यॉर्कशरमधे चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी, बऱ्याच ठिकाणी बीफ ड्रिपिंगमधे, म्हणजे गाईबैलांच्या चरबीत तळतात, विशेषतः फिश अँड चिप्सच्या दुकानात, आणि त्यांना त्याचा अभिमान असतो. "चिप्स तर व्हेजच" असं धरून चालू नका, कशात तळता ते विचारा. ग्रेव्ही बहुतेकदा मांसाच्या रसाची, व्हेज ग्रेव्ही आहे का विचारा. यॉर्कशर पुडिंग गोड नसतं आणि त्यात अंडं असतं. वेन्सलीडेल चीज फ्रूट केकबरोबर खातात, जोडी विचित्र वाटते पण एकदा खाऊन बघा, फक्त कडक शाकाहारी असाल तर चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते, कशाचं हेही विचारा.

कॉटेजमधे स्वयंपाक करणार असाल तर फोडणी घालायच्या आधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट चालू करा आणि किचनचं दार लावा. जुनी घरं, बुटकी छतं, मोहरी-मिरचीचा धूर वर गेला की स्मोक अलार्म अख्खी वाडी उठवतो. अलार्मची बॅटरी काढून ठेवायची आयडिया डोक्यातही आणू नका, घरात लाकडाची शेगडी असते. आणि सिंकमधे तेल, भात, चहाचा चोथा टाकू नका, अशा घरांना बऱ्याचदा सेप्टिक टँक असतो, तुंबला तर रविवारी कोणी येत नाही.

रात्र आणि अडचण

यॉर्कशर डेल्सला २०२० पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्हचा दर्जा आहे. रस्त्यावर दिवे नाहीत, पबहून परत येताना टॉर्च लागतेच, फोनची नको, डोक्याला लावायची घ्या. आकाशगंगा बघायची असेल तर जून मात्र चुकीचा महिना, पुरता अंधारच होत नाही, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर बघा.

डोंगरावर कोणी पडलं, हरवलं तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. स्वेलडेलची स्वतःची टीम आहे, सगळे स्वयंसेवक, पैसे घेत नाहीत. आवाज जाण्याइतकं नेटवर्क नसेल तर एसएमएस जाऊ शकतो, पण त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं: घरूनच ९९९ ला इंग्रजीत रजिस्टर एवढाच मेसेज पाठवा आणि उत्तरात सांगतील तसं करा. शिट्टी जवळ ठेवा, मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, मग परत. निघताना कुठल्या वाटेने जाताय आणि कधी परत येणार ते बीअँडबीच्या मालकांना सांगून जा, आणि परत आल्यावर आलो म्हणूनही सांगा, नाहीतर ते काळजीत बसतात.

निघताना

कॉटेज बहुतेकदा सकाळी दहाला सोडायचं असतं आणि बस त्याआधी किंवा बरीच नंतर असते, त्यामुळे सामान थोडा वेळ ठेवू द्याल का ते आदल्या दिवशी विचारा. कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात, कशात काय ते किचनमधल्या फाइलमधे लिहिलेलं असतं. बसला हात दाखवून थांबवायची, नुसतं स्टॉपवर उभं राहून चालत नाही. आणि परतीची ट्रेन ठराविक वेळेच्या ॲडव्हान्स तिकिटाची असेल तर ती केल्डहून निघणाऱ्या पहिल्या बसवर बेतून काढा, शेवटच्या नाही. रविवारी परत यायचंच असेल तर आधी रविवारची बस आहे का ते बघा, नसेल तर शनिवारीच निघून रात्र रिचमंडमधे काढा.